पेंग्विनच्या शेजारचं दार

दिवाळी सरली की शाळांच्या सहली निघतात. कुरुंदा, वसमत, औंढा, हिंगोली या पट्ट्यातल्या ज्या शाळा मुंबई गाठतात, त्यांची यादी ठरलेली असते: गेटवे, बाहेरूनच ताजमहाल हॉटेल, तारांगण, चौपाटी आणि राणीची बाग. राणीच्या बागेत पोरं पेंग्विन बघतात, वाघ बघतात, रांगेत मोजली जातात आणि एसटीत चढतात. त्याच बागेच्या तोंडाशी महाराष्ट्रातली एक अतिशय देखणी जुनी वास्तू उभी आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पोरं तिच्यासमोरून जातात. आत त्यांना कुणी नेत नाही.

माझं म्हणणं थेट आहे. हे दार आपल्या पोरांसाठी उघडलं पाहिजे. आणि ज्यांना मुंबई परवडत नाही, त्यांच्यासाठी तसलं एक दार इकडे, हिंगोली जिल्ह्यात असलं पाहिजे. चित्रं बघणं ही मोठ्या शहरांची मिरास म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

आधी ही वास्तू काय आहे ते सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात तिची गोष्ट आपल्याला भेटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतल्या कर्त्या लोकांनी शहराला स्वतःचं संग्रहालय हवं असं मनावर घेतलं. त्यात जगन्नाथ शंकरशेट होते, डेव्हिड ससून होते आणि गोव्यातल्या मांद्र्याहून आलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झालेले भाऊ दाजी लाड होते. 1862 मध्ये पाया घातला गेला. लोकांनी वर्गण्या दिल्या. मग कापसाचा बाजार कोसळला, वर्गण्या आटल्या आणि उरलेलं काम सरकारला पुरं करावं लागलं. 2 मे 1872 रोजी संग्रहालय उघडलं, तेव्हा त्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं नाव होतं. 1975 मध्ये ते भाऊ दाजींच्या नावाचं झालं आणि फार योग्य झालं.

मराठवाड्याने हे नाव विशेष ध्यानात ठेवावं. रोगी तपासता तपासता या डॉक्टरने अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचले, त्यांचे अर्थ लावले आणि छापले. आपल्या डोंगरातल्या भिंतींवर काय लिहिलं आहे हे जगाला सांगणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत ते आहेत. त्यांच्या नावाच्या इमारतीसमोरून मराठवाड्याची पोरं आत न डोकावता परत फिरतात, हे मला सहन होत नाही.

विसावं शतक संपताना ही इमारत खंगली होती. 2003 मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि काम सुरू झालं. आतलं हिरवं-सोनेरी नक्षीकाम, बिडाचे खांब, कठडे, जिने, काचेची जुनी कपाटं हे सगळं कारागिरांनी हाताने पुन्हा उभं केलं. 2005 मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला. 2008 मध्ये दार पुन्हा उघडलं. महापालिकेच्या मालकीची पडकी इमारत इतकी सुंदर होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. जुन्या वास्तू पाडण्याशिवाय इलाज नाही असं सांगणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला एकदा इथे आणून उभं करावं.

आता बाग. संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. तो घारापुरीचा. त्यालाच बघून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे या बागेत आले आणि 1914 मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. ज्या पुतळ्यामुळे फोर्टातल्या भागाला काळा घोडा हे नाव पडलं, तो घोड्यावरचा सातवा एडवर्डही 1965 मध्ये रस्त्यावरून हलवून इथेच आणला. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही इथेच आहे. सत्ता गेल्यावर राजा-राणीचं काय होतं, हे पोरांना इतिहासाच्या धड्यापेक्षा इथे चटकन कळेल. भोवती दीडशे वर्षं जपलेली झाडं आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाची योजना आली तेव्हा रोज फिरायला येणाऱ्या साध्या नागरिकांनी, त्यातही बायकांनी पुढाकार घेऊन, ही झाडं वाचवायची मोहीम चालवली. या बागेची सावली लोकांनी भांडून राखली आहे, तेही पोरांना सांगा.

आणि आत, या जुन्या भिंतींच्या मधोमध, आजचे चित्रकार येतात. या संग्रहालयाची मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच. एका बाजूला जुन्या मुंबईची मातीची प्रतिरूपं, बारा बलुत्यांच्या मूर्ती, भांडी, नकाशे; आणि त्यांच्याच शेजारी जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अतुल दोडिया यांच्यासारख्यांचं काम. दोडिया यांनी 2014 मध्ये इथे जे प्रदर्शन मांडलं, त्याच्या शीर्षकातच सात हजार संग्रहालयं होती आणि तो प्रकल्प भारतीय प्रजासत्ताकासाठी आहे असं त्यांनी म्हटलं होतं. देशातल्या लहान लहान शहरांत संग्रहालयं असली तर ती कशी दिसतील, याची कल्पनाचित्रं त्यांनी जलरंगात रंगवली होती. घाटकोपरचा चित्रकार हे स्वप्न बघू शकतो. मग आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना ते का पडू नये?

यावर गावात जे उत्तर येतं ते मला पाठ आहे. ‘त्यात काय बघायचं? आपल्याला काय कळतं त्यातलं?’ शेतात राबणारा माणूस हे बोलतो, शिक्षकही बोलतात, आणि चार बुकं शिकलेल्या घरांत तर ते जास्तच ऐकू येतं. मी हे मान्य करत नाही. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा बघा. व्यापारी ढिगातून एक कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग उजेडाकडे धरतो आणि भाव बोलतो. हा डोळा त्याला कुठल्या पुस्तकाने दिलेला नाही. कांड्या मोडून, बघून, पुन्हा बघून तो आला आहे. चित्राचा डोळाही बघूनच येतो. पहिल्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. मुंबईच्या माणसालाही कळत नाही. त्याच्याजवळ फक्त पुन्हा येऊन बघण्याची सोय असते. तेवढाच काय तो त्याचा आणि आपला फरक.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचंच बघा. ते 1924 मध्ये नागपुरात जन्मले. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रंगाचे थर आहेत. रोलरने दिलेले, सुरीने ओढलेले, कुठे पुसून काढलेले. दुरून ते एकाच रंगाचं मैदान वाटतं. पाच मिनिटं उभं राहिलं की खालचा रंग वर यायला लागतो, काही जागा खोल होतात, काही उजळतात. पाऊस येण्याआधीचं आभाळ निरखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसांना हे दिसणार नाही असं मला कुणी सांगू नये. त्यांच्याइतकं बारीक बघणारं दुसरं कोण आहे? त्यांना पाच मिनिटं आणि एक भिंत द्या, मग बोला.

शिवाय ही चित्रं समजून घ्यायला इंग्रजी लागतं ही समजूतही मोडायला हवी. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत आधुनिक चित्रकलेत फार वर पोहोचले, आणि आपल्या कामाबद्दल त्यांनी मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं: ‘कोरा कॅनव्हास’. चित्रकार वस्तूकडे कसा बघतो, तिचा आकार मनात कसा बदलत जातो, हे इतक्या सरळ मराठीत सांगणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. प्रत्येक हायस्कूलच्या कपाटात ते असायला हवं. चित्रकलेच्या शिक्षकांनी तर उशाशी ठेवावं.

त्या शिक्षकांवरून आठवलं. दर वर्षी महाराष्ट्रात लाखो पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. खेड्यापाड्यांतली बसतात, जिल्हा परिषदेच्या शाळांतली बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही फी भरतात. इतक्या मोठ्या संख्येने खेड्यातल्या मुलांच्या हाती ब्रश देणारी ही शासनाची परीक्षा आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण यातल्या किती मुलांनी एका तरी चित्रकाराचं मूळ चित्र डोळ्यांनी पाहिलेलं असतं? फोनवरच्या चार इंचांत रंगाचा थर दिसत नाही, कॅनव्हासचं कापड दिसत नाही, आकार तर मुळीच दिसत नाही. आपण पोरांकडून चित्रं काढून घेतो, ग्रेड देतो, आणि चित्र म्हणजे काय ते दाखवत नाही. हा अन्याय आहे. शासन परीक्षा घेतं, तर दाखवण्याची जबाबदारीही शासनाचीच.

आकारावरून मकबूल फिदा हुसेनांचं ‘ग्रामयात्रा’ सांगावंच लागेल. पंढरपुरात जन्मलेल्या या माणसाने 1954 मध्ये जवळजवळ चौदा फुटांचं चित्र रंगवलं, खेड्यातल्या रोजच्या जगण्याचे 13 तुकडे एकमेकांना लावून. एका परदेशी डॉक्टरने ते विकत घेतलं, नॉर्वेला नेलं, आणि पुढे अनेक दशकं ते ओस्लोच्या रुग्णालयाच्या ताब्यात राहिलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे 118 कोटी रुपये मिळाले. बातमी झाली, कौतुक झालं. मला त्या आकड्याचं अप्रूप नाही. खेड्याचं चित्र नॉर्वेत नांदलं, न्यूयॉर्कला विकलं गेलं, आणि ज्या खेड्यांवर ते रंगवलं त्यांतल्या कुणासमोर ते कधी टांगलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. याची लाज आपल्या सगळ्यांना वाटायला हवी.

कुणी म्हणेल, आधुनिक चित्रकला बाहेरून आली, आपल्या मातीशी तिचा काय संबंध? संबंध थेट मराठवाड्याशी आहे. 1872 पासून पुढे दहा-बारा वर्षं जेजे स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला येत राहिले आणि भित्तिचित्रांच्या प्रती काढत राहिले. नंतर नंदलाल बोस आले. 1936 च्या अखेरीला अमृता शेरगिल आल्या. पॅरिसमध्ये शिकलेली, तेविशीतली ही मुलगी अजिंठा बघून हादरली आणि तिची चित्रं बदलली. पुढच्याच वर्षी तिने दक्षिणेतल्या माणसांची जी मोठी चित्रं रंगवली, त्यांतल्या त्वचेचे रंग, अंगाची वळणं, लोकांची दाटी बघा. अजिंठ्याची भिंत त्यात सरळ दिसते. म्हणजे देशाच्या आधुनिक चित्रकलेने आमच्या डोंगरातून घेतलं. घ्यावंच, त्यासाठीच ते आहे. पण परत काय आलं?

शेरगिलच्या चित्रांचा सर्वात मोठा संग्रह आज दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. इंडिया गेटजवळचं जयपूर हाऊस, जयपूरच्या महाराजांचा 1936 मधला वाडा, फुलपाखराच्या आकारात बांधलेला, वर घुमट, भोवती हिरवळ. 29 मार्च 1954 रोजी तिथे संग्रहालय सुरू झालं. राजाचा वाडा लोकांच्या चित्रांचं घर झाला, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो. हिरवळीवर देवीप्रसाद रॉय चौधरींचं श्रमिकांचं शिल्प आहे: अवजड धोंडा रेटणारी माणसं. दिल्लीला गेलात तर बाकी सगळं सोडून तिथे अर्धा दिवस द्या. आधी हिरवळीवर बसा, मग आत जा.

मुंबईची शाखा 1996 मध्ये उघडली, जॉर्ज विटेटने 1911 मध्ये बांधलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात. जिथे सभा गाजल्या, मैफली झाल्या, तिथे ओळीने मजले चढत चित्रं लागली. त्यासाठी पिलू पोचखानवाला, केकू गांधी अशा कलावंतांनी आणि कलाप्रेमींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. बंगळुरूची शाखा 2009 मध्ये माणिक्यवेलू मॅन्शन या जुन्या बंगल्यात सुरू झाली, भोवती बाग राखून. तीनही शहरांत जुनी वास्तू आणि नवी चित्रं हा संसार उत्तम चालला आहे. या संस्थेजवळ 17 हजारांहून अधिक कलाकृती आहेत. एका वेळी भिंतीवर त्यांतला लहानसा वाटा मावतो, बाकीच्या कोठारात. कोठारातल्या त्या चित्रांतली पन्नास चित्रं वर्षातून एकदा नांदेडला, हिंगोलीला, लातूरला आणायला काय हरकत आहे? चित्रं जनतेच्या पैशाने घेतली आहेत. आम्हीही जनताच आहोत.

पण कारभाराचं वारं उलट दिशेला वाहतं आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या याच संग्रहालयात बरव्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या, कुठलं प्रदर्शन लावायचं याचा निर्णय आता दिल्लीतून होणार, असं ते सांगत होते. त्यांना मध्येच अडवून विषयाला धरून बोला असं सांगण्यात आलं. मी म्हणतो, तो विषयच होता. मुंबईच्या भिंतीवर काय लागावं हे मुंबईतले कलावंत ठरवणार नसतील, तर कुरुंद्याच्या भिंतीबद्दल दिल्लीत विचार कोण करणार? कलेचा कारभार खाली, जिल्ह्यापर्यंत यायला हवा. तो वर निघाला आहे आणि हे वाईट आहे.

‘खेड्यात असलं चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं औंध बघून यावं. एका छोट्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 1938 मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे. हेन्री मूर! विसाव्या शतकातला जगातला एक श्रेष्ठ शिल्पकार एका मराठी खेड्यात, डोंगरावर बसला आहे, आणि देवीच्या दर्शनाला आलेली माणसं त्याच्यासमोर उभी राहतात. संस्थान एवढंसं, तिजोरी एवढीशी. राजाला हौस होती आणि लोकांबद्दल आदर होता, म्हणून ते झालं. त्याच सुमाराला याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आपल्या संस्थानात आणली. चित्रं आणि स्वराज्य दोन्ही लोकांना द्यायचं, इतकी सरळ त्याची समजूत होती.

डेन्मार्कमध्ये हुम्लेबेक नावाचं समुद्रकाठचं लहान गाव आहे. तिथे 1855 मधला एक जुना बंगला आणि त्याची बाग होती. क्नुद येन्सन नावाच्या माणसाने तो घेतला, आणि 1958 मध्ये तिथे लुइझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय सुरू केलं. आज जगभरातून माणसं त्या गावात जातात. बागेतल्या गवतावर तिथेही हेन्री मूरची शिल्पं आहेत. येन्सनच्या घराण्याचा धंदा चीजचा होता. मोंढ्यात हळदीची कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. सप्ताहांना, पंगतींना तुम्ही सढळ हाताने देता, ते चांगलंच आहे. त्यातला एक वाटा गावातल्या पोरांच्या डोळ्यांसाठी द्या.

इमारत कुठून आणायची? मराठवाड्यात पडक्या गढ्या, ओस वाडे, निजामकाळातल्या दगडी कचेऱ्या आणि शाळा आहेत. हिंगोलीला तर हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छत धड असलेली, उंचावरची एक वास्तू पुरे. उंचावरची हे मी मुद्दाम म्हणतो. 2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कुठे राज्याच्या बातम्यांत आमच्या गावाचं नाव आलं. कागदावरच्या चित्राला ओल लागली तर ते संपलंच. भिंत कोरडी हवी, वाळवी नको, थेट ऊन नको. जलरंगाच्या चित्रावर 50 लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, म्हणजे मंद दिवाच लागतो, खर्चही कमी. भोवती चार झाडं हवीत, बाक हवेत, पाणी हवं, बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. बाग कशाला, असं विचारू नका. उन्हातून आलेल्या माणसाला आधी सावली लागते, मग चित्र. जयपूर हाऊसला, राणीच्या बागेला, हुम्लेबेकला हे कळलं होतं.

चित्रं कुठून आणायची? सुरुवात जिल्ह्यातल्या इंटरमिजिएटच्या मुलांच्या कामापासून करा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून, नांदेडच्या कलावंतांकडून वर्षभरासाठी उसनी घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. वस्तू घेऊन ती गावोगावच्या शाळांत जाते. वस्तूंची बस फिरू शकते, तर चित्रांचीही फिरू शकते. राज्य कला संचालनालयाने अशी एक बस मराठवाड्यासाठी काढावी. आणि तोवर जे मुंबईला जातात त्या मुख्याध्यापकांना हात जोडून सांगणं आहे: गुरुजी, पेंग्विनला अर्धा तास कमी द्या आणि संग्रहालयाला एक तास द्या. बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

कुरुंद्याने हे का मागावं, तेही सांगतो. या गावाचं नाव आडनाव म्हणून लावणारा एक माणूस मराठीत होऊन गेला. नरहर कुरुंदकर, जन्म 15 जुलै 1932. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या, पुढे तिथलेच प्राचार्य झालेल्या या माणसाने इतिहास, राजकारण, धर्म यांवर लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी सौंदर्यशास्त्रावर लिहिलं, भरताच्या नाट्यशास्त्राचा ध्यास घेतला, ‘रूपवेध’ नावाचं पुस्तक लिहिलं. सुंदर कशाला म्हणायचं, का म्हणायचं, हा प्रश्न त्यांनी पुण्या-मुंबईच्या पंडितांसाठी सोडून दिला नाही. तो त्यांनी नांदेडमध्ये बसून, मराठीत, छाती पुढे काढून विचारला. ज्या गावाच्या नावाने मराठीतला सौंदर्यविचार मोठा झाला, त्या गावच्या पोरांना एक मूळ चित्र बघायला सहाशे किलोमीटर जावं लागतं, ही गोष्ट कुरुंदकरांनी खपवून घेतली नसती आणि आपणही घेऊ नये.

पालकमंत्र्यांनी आणि जिल्हा नियोजन समितीने जिल्हा वार्षिक योजनेत एका कलादालनासाठी तरतूद करावी. जुनी वास्तू दुरुस्त करून, बागेसकट. ही मागणी वरून कुणी आपल्यासाठी करणार नाही. 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा होतात. कुरुंद्यात, गिरगावात, वसमतच्या आसपास जे हे वाचत असतील त्यांनी त्या सभेत उभं राहून ठराव मांडावा: आमच्या तालुक्यात चित्रांसाठी एक इमारत हवी. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेला, कला संचालनालयाला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला पाठवा. पोचपावती जपून ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत दर ग्रामसभेत तो ठराव पुन्हा मांडा.